जनाबांची फाशीची कविता

कविता शिकवायची असली की जनाब वर्गाच्या दाराशी जोडे काढून ठेवत. धडा असला तर जोडे घालूनच आत जात. त्यामुळे तास सुरू होण्याआधी नुसत्या उंबऱ्याकडे पाहून आज गद्य आहे की पद्य हे सगळ्या शाळेला कळे. नवे हेडमास्तर आले तेव्हा त्यांनी याचं कारण विचारलं. जनाब म्हणाले, "धडा ओसरीवरून वाचता येते साहेब. कवितेत आत जा लागते." हेडमास्तर यावर नुसतेच "अस्सं" म्हणाले आणि पुन्हा कधी त्या वाटेला गेले नाहीत.

वाशीमच्या हायस्कुलात मी गणित शिकवायला लागलो तेव्हा मी नुकताच बी. ए. होऊन आलो होतो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. माझा वर्ग जनाबांच्या वर्गाला लागून आणि माझी खोली त्यांच्या घराला लागून, म्हणजे दिवसभर त्यांचा आवाज माझ्या कानावर असायचाच. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण गावात कोणाच्या तोंडी नव्हतं. पोरं जनाब म्हणत, मास्तर जनाब म्हणत, आणि रागावली म्हणजे पडद्याआडून त्यांची बायकोही "सुनते हो, जनाब?" असंच म्हणायची. मंगरूळपीरला त्यांच्या भावांचं कापडाचं दुकान होतं. तरुणपणी त्यांनाही तिथे गादीवर बसवून पाहिलं होतं. पण हातात पुस्तक आणि मांडीवर गज, त्यामुळे वारभर मागणाऱ्याला दीड वार जायचं. शेवटी भावांनीच हात जोडले आणि म्हणाले, तू आपला शिकवायला जा.

उंच, किडकिडीत माणूस. काळी शेरवानी, तिच्या उजव्या बाहीवर खडूचा कायमचा पांढरा डाग, आणि डोक्यावर तुर्की टोपी. तिचा गोंडा ते विचार करताना बोटाला गुंडाळत. पेपर तपासण्याची त्यांची पद्धत शाळेत प्रसिद्ध होती. गाईडातून पाठ केलेलं उत्तर आलं की ते भोपळा देत. पोरगं कुरकुरलं तर म्हणत, "बरोबर हाय बेटा, पन दुसऱ्याचं हाय." आणि एखाद्यानं काहीतरी भलतंच पण स्वतःच्या डोक्यानं लिहिलं असलं तर अर्धे मार्क देत आणि खाली लाल शाईनं शेरा मारत, ‘चुकलं, पण तुहं हाय’. हा शेरा मिळालेली उत्तरपत्रिका पोरं जपून ठेवत.

या सगळ्यात त्यांची सगळ्यात आवडती, आणि सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे मॅट्रिकच्या इंग्रजी पुस्तकातली एक कविता. तीन पानांची होती. फाशीच्या कोठडीबाहेर पहारा करणारा एक शिपाई ती सांगतो. कोठडीत एक खुनी आहे आणि उद्या सकाळी त्याला फाशी आहे. संध्याकाळी तो शिपायाला म्हणतो, आजची रात्र दिवा राहू दे, मला अंधाराची भीती वाटते. शिपाई म्हणतो, तसा नियम नाही. तो दिवा उचलतो आणि निघून जातो. सकाळी फाशी होते. त्यानंतर शिपायाला आपल्या घरी दिवा मालवून झोपताच येत नाही, बायकापोरं कंटाळतात, पण त्याचा हात दिव्याकडे जात नाही. आणि शेवटची ओळ अशी, की शिक्षा दोघांना झाली, दोघांपैकी एक सकाळी घरी गेला.

आता घरी गेला तो कोण? पहारा संपवून शिपाई गेला, की फासावरून सुटून तो कैदी आपल्या घरी गेला? बाकी सगळा अभ्यासक्रम एका बाजूला आणि ही ओळ एका बाजूला. ही कविता दोन दोन महिने चाले. वर्गात पुरेनाशी झाली की जनाब ती बाजारात नेत. टांगेवाल्याला थांबवून, न्हाव्याच्या खुर्चीवर बसून, पानाच्या ठेल्यावर उभं राहून ते तिचा अर्थ वऱ्हाडीत सांगत आणि विचारत, "बोल, घरी कोन गेला?" त्यापायी इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या गावात त्या कवितेचे दोन पक्ष पडले होते. टांगेवाल्यांचं म्हणणं, मेला तोच घरी गेला, मागं राहिला तो अडकला. न्हाव्याचं म्हणणं, "जनाब, मेलेला मातीत जाते, घरी कायले जाते? घरी शिपाईच गेला." माझी हजामत करताना तो वस्तरा हवेत धरून हे पटवून द्यायचा, त्यामुळे मी लगेच त्याच्या पक्षात जायचो. पडद्याआडून जनाबांची बायको, जिला मी भाभी म्हणायचो, मला एकदा म्हणाली, "मास्टर, इनकी कविता में रोज फांसी किसको होती, पता है? मेरे को."

किसन मॅट्रिकच्या वर्गात आला ते साल मात्र वेगळं होतं.

किसन रिठदकडच्या एका खेड्यातला. आई तो लहान असतानाच वारली होती. बाप आणि काका राहायचे एकत्र, पण वावरं दोघांच्या वाट्याची वेगळी, एकमेकांना लागून. पोराला वाढवलं ते काकूनं आणि काकानं. त्या दोघांना मूल नव्हतं. आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात, गव्हाला पाणी देताना, धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावर, दोघा भावांचं भांडण झालं. पाटाचं पाणी आधी कोणी घ्यायचं एवढंच. बापाच्या हातात फावडं होतं. एकच घाव बसला आणि किसनचा काका तिथंच गेला. बाप पळाला नाही, प्रेताजवळ बसून राहिला. अकोल्याला खटला चालला, त्यानं सगळं कबूल केलं, फाशीची शिक्षा झाली आणि अपिलातही ती कायम राहिली. आता तो नागपूरच्या तुरुंगात होता. तारीख तेवढी लागायची होती. किसन खटल्याला गेला नव्हता, बापाला भेटला नव्हता, आणि गावी काकूकडेही गेला नव्हता. वाशीमला एका खोलीत राहायचा, हातानं भाकरी करायचा आणि शाळेत खाली मान घालून बसायचा.

हे सगळ्या शाळेला माहीत होतं. कविता जवळ आली तेव्हा हेडमास्तरांनी जनाबांना बोलावून सुचवलं, की यंदा ती तीन पानं वगळली तर बरं. जनाबांनी ते आधीच ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी ते जोडे घालून वर्गात गेले आणि पुढचा धडा काढला. मधली भिंत अर्धीच होती, त्यामुळे पुढचं सगळं मी माझ्या वर्गातून ऐकलं.

"सर," किसनचा आवाज आला, "ते कविता राह्यली."

"परीक्षेत नाई येत ते," जनाब म्हणाले.

"दरसाल येते. मायासाठी सोडून राह्यले ना तुमी?"

वर्ग चिडीचूप झाला. मग मला जोडे काढल्याचा आवाज आला, एक आणि मग दुसरा.

त्यांनी कविता वाचली. नेहमी ते ती म्हणत, त्या दिवशी नुसती वाचली. शेवटची ओळ झाली. दर वर्षी इथं ते विचारत, ‘घरी कोन गेला?’ आज त्यांनी विचारलं नाही. बाक सरकल्याचा आवाज आला. किसनच उठला होता.

"सर, याच्यात दोघं कसे? तीन होते ना."

"तीन?"

"ह्यानं ज्याले मारलं तो कुठं हाये? तीन पानं कविता हाये, त्याचं नाव नाई. शिपायाले झोप येत नाई म्हनून कविता. खुन्याले अंधाराचं भेव वाटते म्हनून कविता. आन ज्याचा जीव गेला त्याच्यावर एक ओळ नाई? काहून?"

मी माझ्या फळ्यासमोर खडू धरून उभा होतो. मग जनाब म्हणाले, "मले नाई माहीत." पुस्तक मिटल्याचा आवाज आला, आणि दुसऱ्याच क्षणी ते माझ्या वर्गाच्या दारात उभे. अनवाणी. टोपीचा गोंडा बोटाला घट्ट गुंडाळलेला.

"इतके वर्सं झाले," ते माझ्या सगळ्या वर्गासमोर मला म्हणाले, "आन तिसरा राहूनच गेला ना हो आपल्याकडून!"

तसेच ते बाहेर पडले. भर दुपारी बाजारातून अनवाणी घरी गेले. जोडे मी शाळा सुटल्यावर पोचवले.

त्यानंतर काही दिवस जनाब रोज संध्याकाळी शाळा सुटली की किसनच्या खोलीवर जात. मला वाटलं, कवितेबद्दल बोलत असतील. एकदा मीही सोबत गेलो. किसन चुलीपुढे भाकरी थापत होता आणि जनाब पोत्यावर मांडी घालून बसले होते.

"हं, मंग काकानं काय केलं?" ते विचारत होते.

ते त्याच्याकडून त्याच्या काकाच्या गोष्टी ऐकत होते. काका त्याला खांद्यावर बसवून नाल्यापलीकडच्या शाळेत कसा न्यायचा, विहिरीत पोहायला शिकवताना कमरेला वाळलेला भोपळा बांधून कसं ढकलून दिलं, तमाशातली गाणी तो कसा चुकीचीच म्हणायचा. किसन भाकरी उलटायची विसरून सांगत होता आणि मधे मधे हसत होता. त्याला हसताना मी प्रथमच पाहिलं. आम्ही निघताना किसन मला म्हणाला, "मास्तर, ज्याले त्याले मायाजोळ बापाचंच इचाराचं असते. काकाचं कोनी इचारलंच नाई."

मग एक दिवस त्याच्या गावचा कोतवाल निरोप घेऊन आला. तारीख लागली होती. भेटायचं असेल तर त्याआधी नागपूरला जावं. किसन जनाबांच्या ओसरीवर येऊन बसला.

"जाव का नाई, सर?"

"हे मी नाई सांगनार."

"तुमी माया जागी असते तं?"

"मी तुह्या जागी नाई बेटा. आन तसं म्हननं खोटं होईन." जनाबांनी गोंड्यात गुंडाळलेलं बोट सोडवलं. "पन गेलास तं मी संगं येतो. तुले एकट्याले नाई जाऊ देत."

पडद्याआडून भाभी म्हणाली, "मास्टर, तुम भी जाओ. ये अकेले गये तो नागपूर के बदले हैदराबाद उतरेंगे." यात खोटं काही नव्हतं. एकदा अकोल्याला जायचं म्हणून ते हिंगोलीच्या मोटरीत बसले होते आणि हिंगोली येईपर्यंत पुस्तक वाचत होते.

म्हणून आम्ही तिघं निघालो. अकोल्यापर्यंत मोटर, पुढे आगगाडी. भाभीनं रोट्या आणि अंड्याचा खागिना बांधून दिला होता. किसननं वाटेत काही खाल्लं नाही. जनाबांनीही नाही. मी मात्र खाल्लं, भूक लागली होती.

तुरुंगाच्या दाराशी किसन एकटा आत गेला. आम्ही बाहेर कडुलिंबाखाली बसलो. तिथं आणखीही माणसं बसली होती, कोणाची गाठोडी, कोणाची पोरं. जनाबांना गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते त्या मोठ्या दाराकडे नुसते पाहत बसले. आयुष्यभर तीन पानांतून त्यांनी तो तुरुंग पाहिला होता. खरा तुरुंग ते पहिल्यांदाच पाहत होते.

किसन बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा कोरडा होता. स्टेशनवर बाकावर बसल्यावर तो आपणहून बोलायला लागला.

"पयले तं आमी दोघंही बोललो नाई. मंग बाप म्हने, शाळेत जात असतो ना? म्हटलं, जातो. म्हने, काय शिकून राह्यला? मले दुसरं काही सुचलंच नाई सर. मी त्याले ते कविताच सांगतली."

"पूरी?" जनाबांनी विचारलं.

"पूरी. गजाच्या या बाजूनं. दिव्याचं सांगतलं तं तो हासला. म्हने, खोटं हाये. इथं रातभर बत्ती जळते डोयावर, आमी जीव देऊ नाई म्हनून. झोप येत नाई. म्हने, मले कोनी इचारलं तं मी अंधार मांगीन."

जनाब बाकावरून उठलेच. "अंधार!" ते म्हणाले. "अंधार मांगते तो! या शायरनं जेल पाह्यलीच नाई! घरी बसून लिहिलं यानं!" फलाटावरची माणसं वळून पाहू लागली. ते इतके चिडले होते, की तो कवी तिथं असता तर त्यांनी त्याला भोपळा दिला असता.

"मंग म्हने," किसन पुढे सांगू लागला, "त्या कवितेतल्या मानसाले कोनी भेटाले आलं होतं का? मी म्हटलं, नाई, कोनी नाई आलं. बाप म्हने, मंग मायं बरं हाये."

जनाब हळूच खाली बसले. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. गाडी येईपर्यंत ते तसेच होते.

गाडीत किसननं उरलेलं सांगितलं. वेळ संपली असं वॉर्डर म्हणाला, तेव्हा बाप गज धरून म्हणाला, ‘काकूले सांगजो...’ आणि पुढे त्याचे ओठ नुसते हलले. शब्द फुटला नाही. वॉर्डर त्याला घेऊन गेला.

"काय म्हनाचं असन सर त्याले? माफीच मागाची असन ना?"

"मले नाई माहीत."

"तुमी तं एवढ्या ओळीचे अर्थ सांगता."

"ते ओळ पुरी असते बेटा. हे अर्धी हाये. आन बाकीची अर्धी आपली नाई." जनाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जितकं बोलला, तितकंच सांग. वरून काही टाकू नको. चांगलं वाटते म्हनूनही टाकू नको."

फाशी झाली त्या सकाळी भाभीनं किसनला आपल्या घरी आणून बसवलं. ती पडद्याबाहेर आली, माझ्यासमोरही आली, त्याची तिला त्या दिवशी पर्वा नव्हती. जनाब शाळेत गेले नाहीत. भाभी, जनाब आणि किसन नुसते ओसरीवर बसून होते. ऊन चांगलं वर आल्यावर किसन म्हणाला, "झालं असन आता," आणि भाभीच्या पायाशी आडवा होऊन रडला. त्याला थोपटताना भाभी जनाबांकडे पाहत होती. त्या दिवशी तिनं त्यांना एकही टोमणा मारला नाही.

निरोप पोचवायचा राहिला होता. गहू सोंगायला आले तेव्हा किसन म्हणाला, आता जातो. आम्ही छकडा केला आणि तिघंही गेलो. काकू घरी नव्हती, वावरात होती. तिथं पोचलो तेव्हा ती एकटीच विळा घेऊन गहू कापत होती. बारीक चणीची, काळीसावळी बाई. आम्हाला पाहून सरळ उभी राहिली, पण जागची हलली नाही. किसन धुऱ्यावर थांबला. तोच तो धुरा.

"काकू," तो तिथूनच म्हणाला, "बापानं निरोप देल्ला."

"काय?"

"म्हने, काकूले सांगजो."

"काय सांगजो?"

"इतकंच. पुढं बोलता नाई आलं त्याले."

मी जनाबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"इतकंच?" काकूनं विचारलं.

"इतकंच."

ती कितीतरी वेळ हातातल्या गव्हाच्या मुठीकडे पाहत राहिली. तिनं ती मूठ खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि आमच्याकडे बोट केलं.

"हे कोन होत?"

"माये सर होत. दोघंही."

"मंग उन्हात काहून उभे केले त्यायले?" ती म्हणाली. "पानी दे. मडकं तिथं हाये झाडाखाली. आन दुसरा इळा बी तिथंच हाये."

किसननं आम्हाला पाणी दिलं, विळा उचलला आणि तिच्या शेजारची ओळ धरून खाली बसला. दोघं कापत पुढे सरकू लागले. एकमेकांकडे पाहत नव्हते. जनाबांना झाडाखाली बसवेना. त्यांनी शेरवानी काढून फांदीला अडकवली आणि कापलेला गहू गोळा करून पेंढ्या बांधायला लागले. मी कुणब्याच्या घरचा, मला ते येत होतं. त्यांना येत नव्हतं. त्यांनी बांधलेली पेंढी उचलली की सुटायची, आणि तरी ते मोठ्या तन्मयतेनं पुढची बांधायला घ्यायचे. घामानं त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता आणि दाढीत गव्हाची कुसं अडकली होती.

दिवस कलायला आला तेव्हा किसन कंबर सरळ करायला उभा राहिला आणि धुऱ्यापलीकडे पाहत राहिला. पलीकडचं वावर त्याच्या बापाच्या वाट्याचं. बाप तर वर्षभर तुरुंगात होता. पण तिथंही गहू होता, दाट, पिवळा, ओंब्यांनी वाकलेला.

"काकू," तो म्हणाला, "बापाकडचं कोनं पेरलं?"

"म्या पेरलं. वावर पडीक ठेवाचं असते का कोनी?" काकू म्हणाली, आणि जनाबांनी नुकतीच बांधलेली पेंढी गुडघ्याखाली दाबून, सोडून, पुन्हा आवळून बांधायला लागली.